संथ यंत्राची चौकशी



 या व्यासपीठावर विद्वान येतात, प्राध्यापक येतात, कवी येतात. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. सोळाव्या वर्षी आम्ही यंत्रमागावर उभे राहिलो, आणि पुढे जे काही शिकलो ते रात्रपाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून शिकलो. कामगार चळवळीत पडल्याला आता तीस वर्षांहून अधिक काळ झाला. तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांना वाटले असावे की, हे गृहस्थ संपावर बोलतील, वेतनावर बोलतील, नवीन कामगार कायद्यांवर बोलतील. आम्ही विषय कळविला तो असा : डेस्कटॉप संगणकाची हार्ड डिस्क काढून तिच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह बसविणे. लगोलग फोन आला. "अण्णा, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?"

चूक झालेली नाही. हा विषय आम्ही जाणूनबुजून घेतला आहे. आज संध्याकाळी येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरी, दुकानात, शाळेत किंवा पतपेढीत एक जुना संगणक असेल. तो सुरू होण्यास दहा मिनिटे घेत असेल आणि त्याला भंगारात काढण्याचा विचार चालू असेल. त्या संगणकाच्या वतीने दोन शब्द बोलावेत, एवढाच आमचा हेतू आहे. कामगाराला चौकशीवाचून बडतर्फ करू नये, हे आम्ही आयुष्यभर सांगत आलो. यंत्राच्या बाबतीत मात्र तोच न्याय पाळण्यास आम्हांला वेळ लागला, हेही आरंभीच कबूल करतो.

आमच्या युनियनचे कार्यालय सोलापुरात आहे. दोन खोल्या, चार लोखंडी कपाटे आणि एक संगणक. आमच्या सभासदांत बहुसंख्य विडी कामगार स्त्रिया. सोलापूरचा विडी कामगार म्हणजे बहुतांशी स्त्री, आणि तिची मातृभाषा बहुधा तेलुगू. तिचे नाव कारखान्याच्या वहीत एका तऱ्हेने लिहिलेले, आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने, आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात तिसऱ्याच तऱ्हेने. एकाच आडनावाची रोमन लिपीत तीन रूपे होतात, आणि त्या तीन रूपांमुळे आयुष्यभर कापून घेतलेला पैसा अडकून पडतो. जन्मतारखेची तीच गत. हे घोळ निस्तरणे, अर्ज भरणे, जुने दाखले शोधणे, हे आमच्या कार्यालयाचे रोजचे काम.

हा संगणक आम्ही २०१३ साली वर्गणी काढून घेतला. त्यात ५०० गिगाबाइटांची हार्ड डिस्क होती आणि विंडोज ७ ही प्रणाली होती. सहा-सात वर्षे त्याने मुकाट्याने काम केले. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ ला कंपनीकडून मिळणारी सुरक्षेची साथ संपली, म्हणून आम्ही त्यावर विंडोज १० घातली. तेव्हापासून यंत्र अगदी मंदावले. सकाळी बटण दाबावे, झाडलोट करावी, खाली जाऊन चहा घेऊन यावे, तरी पडद्यावरचे ते वाटोळे चक्र फिरतच असावयाचे. एक अर्ज उघडण्यास तीन मिनिटे, छापण्यास आणखी दोन.

यात आमचे काय गेले? आमचे काहीच गेले नाही. गेले ते बाकावर बसलेल्या बायांचे. विडी कामगाराला मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. ती घरी बसून पाने कापते, तंबाखू भरते, वळते, सुताने बांधते. तिचे जेवढे तास हात चालतील तेवढीच मजुरी. आमच्या बाकावर ती तासभर बसली की त्या तासाच्या विड्या बुडाल्या. एके दिवशी एक वयस्कर बाई उठता उठता म्हणाली, "अण्णा, तुमच्या त्या डब्यानं माझ्या आज दीडशे विड्या खाल्ल्या." आम्ही हसलो, पण रात्री झोप लागली नाही. मालकाने अर्धा तास फुकट थांबवून घेतले तर आम्ही मोर्चा काढतो. येथे आमच्याच कार्यालयात रोज वीस-पंचवीस बायांचा वेळ बिनमोल जात होता, आणि त्याचा मोर्चा कोणावर काढावयाचा?

आम्ही दुकानदाराकडे गेलो. त्याने यंत्र उघडलेही नाही. वय विचारले. "सात वर्षं झाली? मग ह्याच्यात काही राम नाही. नवीन घ्या." नवीन यंत्राचा आकडा चाळीस हजारांच्या घरातला. आमच्या युनियनची वर्गणी माणशी किती असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ सांगावयास नको. आणि मनात आले की, हे बोलणे आपण पूर्वी कोठे तरी ऐकले आहे. वय विचारावयाचे, काम मंद झाले म्हणावयाचे, आणि आरोपपत्र नाही, चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही, एकदम भंगाराचा हुकूम! आम्ही यंत्र रिक्षात घालून परत आणले.

चौकशीचे काम केले ते आमच्या एका सभासद बाईच्या मुलाने. तो तंत्रनिकेतनात शिकत होता. त्याने एकही स्क्रू न काढता आधी टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडली. यंत्राचा कोणता भाग किती राबतो आहे, याचा तो हजेरीपट असतो. त्यात काय दिसले? प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारा भाग, शंभरातले दहा-बारा टक्केच काम करीत होता. म्हणजे बहुतेक वेळ हातावर हात धरून बसला होता. मेमरी, म्हणजे काम करताना कागद पसरण्याचे टेबल, चार गिगाबाइटांची. ती पाऊण भरली होती, पण ओसंडत नव्हती. आणि हार्ड डिस्क? ती शंभर टक्के. एका क्षणाचीही उसंत नाही. तात्पर्य, सारे खाते एका माणसासाठी खोळंबले होते, आणि तो माणूस कामचुकार नव्हता. त्याच्यावर त्याच्या शक्तीबाहेरचे काम लादले गेले होते.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी हार्ड डिस्क काम कशी करते ते पाहिले पाहिजे. मागावर काम केलेल्या माणसाला ते समजण्यास अवघड नाही. डिस्कच्या डबीत धातूचा पातळ लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्या असतात. आमच्या यंत्रातली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेई, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्यावर एका दांडीच्या टोकाला वाचणारे शीर्ष असते. ते तबकडीला टेकत नाही. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर हवेच्या थरावर तरंगते. मजकूर हवा असला की दांडी योग्य रांगेवर सरकते आणि तो मजकूर फिरत फिरत खाली येण्याची वाट पाहते. दांडी सरकण्यास सेकंदाचे आठ-नऊ हजारांश, आणि सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहण्यास चार हजारांश. एकूण बारा-तेरा हजारांश सेकंद. ऐकावयास हा वेळ काहीच नाही. पण याचा अर्थ असा की, विखुरलेले तुकडे गोळा करावयाचे असतील तर ही डिस्क सेकंदाला फार तर ऐंशी तुकडे आणून देते.

आता संगणक सुरू होताना हजारो लहानसहान तुकडे निरनिराळ्या जागांवरून वाचावे लागतात. समजा, वीस हजार तुकडे हवेत. ऐंशीने भागा. अडीचशे सेकंद झाले, म्हणजे चार मिनिटांहून अधिक, आणि तेही दुसरे काही काम नसताना. विंडोज १० पाठीमागे आणखी पुष्कळ कामे चालू ठेवते. धोटा तोच, मागाची रुंदी तीच, आणि कापड मात्र चौपट मागितले, तर विणकराने काय करावे?

या यंत्राची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. १९५६ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने रामॅक नावाच्या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तीत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन, आणि मावत होती ती पन्नास लाख अक्षरे. आमच्या कार्यालयातली तळहाताएवढी डिस्क तिच्या एक लाख पट मजकूर पोटात घेत होती. साठवण लाख पटीने वाढली. पण तबकडीचे फिरणे आणि दांडीचे सरकणे तितके वाढू शकले नाही. लोखंडाला आपली गती असते. ती हुकमाने वाढत नाही.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एस. एस. डी., या वस्तूत फिरणारे काहीच नाही. तबकडी नाही, दांडी नाही, मोटार नाही. सिलिकॉनच्या चिपेत कोट्यवधी सूक्ष्म कप्पे असतात. त्यांत विद्युत्भार कोंडून ठेवावयाचा, आणि तो किती आहे त्यावरून मजकूर वाचावयाचा. वीज गेली तरी भार कप्प्यातच राहतो. कोणत्याही कप्प्याकडे जाण्यास सारखाच वेळ, आणि तो सेकंदाच्या दहा हजाराव्या हिश्शाच्या आसपास. मघाचे वीस हजार तुकडे आणावयास अडीचशे सेकंदांच्या ऐवजी दोन सेकंद पुरतात.

या कप्प्यांची कथा कामगार चळवळीच्या माणसाने सांगण्यासारखी आहे. हा शोध लावणारे गृहस्थ जपानचे फुजिओ मासुओका. ते तोशिबा कंपनीत नोकर होते. १९८४ साली त्यांनी फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली, आणि १९८७ साली तिचा नॅन्ड हा प्रकार. आजच्या एस. एस. डी. मध्ये, मोबाइलमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये तोच प्रकार वापरतात. सारा मजकूर एका झटक्यात पुसला जातो, यावरून एका सहकाऱ्याला छायाचित्रकाराच्या फ्लॅशची आठवण झाली आणि ते नाव पडले. या शोधावर पुढे केवढा धंदा उभा राहिला ते आपण पाहतोच. शोधकाला काय मिळाले? आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून त्यांना २००४ साली आपल्या जुन्या कंपनीवर दावा लावावा लागला. मागणी होती १०० कोटी येनांची. २००६ साली तडजोड झाली ती ८ कोटी ७० लाखांवर. हजार विड्यांमागे मजुरी घेणारी आमची बाई आणि जपानचा मोठा शास्त्रज्ञ, दोघांचा प्रश्न शेवटी एकच ठरला : राबले कोण, आणि लाभ कोणाला? असो.

चौकशीचा निकाल असा लागला की, प्रोसेसर निर्दोष, मेमरी निर्दोष, बाकी सारे शाबूत. एक भाग बदलावा. २४० गिगाबाइटांची एस. एस. डी. त्या वेळी, म्हणजे २०२१ साली, आम्हांला अडीच हजारांच्या आत मिळाली. चाळीस हजार कोठे आणि अडीच हजार कोठे! आमचा उत्साह अनावर झाला. आणि येथे आमची चूक झाली. ती आम्ही लपविणार नाही. कारण ती ऐकून येथल्या एकाचे जरी दप्तर वाचले तरी हे व्याख्यान सार्थकी लागले असे आम्ही समजू.

त्या मुलाने बजावले होते की, "काका, मी रविवारी येतो, तोवर हात लावू नका." पण स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या माणसाला एक रोग असतो. इतरांना शिकवणीची गरज, आपल्याला नाही, असे त्याला वाटते. आम्ही दोन दिवस वाचून काढले, स्क्रू-ड्रायव्हर घेतला, आणि गुरुवारी रात्री यंत्र उघडले. नवी ड्राइव्ह बसविली. जुनीही जोडलेलीच ठेवली. पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने घालावयास घेतली. पडद्यावर यादी आली : ड्राइव्ह शून्य, ड्राइव्ह एक. जुने विभाग पुसून जागा मोकळी करावी, असे वाचले होते. आम्ही पुसले, पुढे जा म्हटले, आणि काम संपल्यावर ध्यानात आले की, नवी ड्राइव्ह तशीच कोरी आहे, आणि ज्या डिस्कवर युनियनची आठ वर्षे होती तिच्यावर आम्ही नवी प्रणाली पसरून बसलो आहोत.

त्या रात्रीचे वर्णन करीत नाही. घरी गेलो नाही, एवढेच सांगतो.

सभासदांचे रजिस्टर आणि अर्जांचे फोल्डर दर रविवारी एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवण्याचा आमचा प्रघात होता. ते वाचले. सोमवार ते गुरुवार या चार दिवसांचे काम गेले. ते पुन्हा करता आले असते. पण जुन्या नोकरीच्या दाखल्यांची छायाचित्रे आम्ही डेस्कटॉपवर, म्हणजे पडद्यावर समोरच, ठेवीत आलो होतो. हाताशी असावीत म्हणून. ती त्या फोल्डरात नव्हती. म्हणून रविवारच्या नकलेतही नव्हती. त्यांत एका बाईचा दाखला होता. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ प्रमाणे निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची नोकरी लागते. तिच्या खात्यावर दिसत होती नऊ वर्षे दोन महिने. त्याआधी दुसऱ्या कारखान्यात तिने दीड वर्ष काम केले होते. तो कारखाना बंद पडला होता, आणि त्या दीड वर्षाचा पुरावा म्हणजे तो एक कागद.

आमच्या कार्यालयात एक वृद्ध कारकून आहेत. सारे त्यांना मामा म्हणतात. संगणक आल्यावरही मामा प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून लाल कापडाच्या दप्तरात गावनिहाय बांधून ठेवीत. आम्ही त्यांची थट्टा करीत असू. कागदाचा खर्च दाखवून एकदा सभेत बोललोही होतो. शुक्रवारी सकाळी मामांना सारे सांगितले. ते एक शब्द बोलले नाहीत. कपाट उघडले, तिसरे दप्तर काढले, आणि तो दाखला टेबलावर ठेवला. पुढे त्या बाईंचे निवृत्तिवेतन सुरू झाले. रक्कम लहान आहे. २०१४ पासून या योजनेत किमान हजार रुपये ठरले, त्याच्याच आसपासची. पण ती तिच्या हक्काची आहे, आणि आमच्या एका बोटाने ती जवळजवळ बुडविली होती.

तेव्हा आता हे काम कसे करावे ते अनुभवाने सांगतो.

प्रथम नक्कल. सगळ्या मजकुराची, केवळ ज्या फोल्डराची सवय आहे त्याची नव्हे. डेस्कटॉप पाहा, डाउनलोड्स पाहा, प्रत्येकाच्या नावाचे खाते पाहा. आणि नक्कल काढून थांबू नका. दुसऱ्या यंत्रावर ती उघडून पाहा. न उघडणारी नक्कल म्हणजे सही नसलेला करारनामा.

दुसरे, यंत्र बंद करून वीजपुरवठ्याची वायर भिंतीतून काढा आणि एकदा बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. डब्याच्या उघड्या धातूला हात लावा. अंगावरच्या स्थिर विजेने चिपा बिघडू शकतात. बाजूची पत्री काढली की जुनी डिस्क दिसते. तिला दोन केबली असतात : एक अरुंद, मजकुराची, दुसरी रुंद, विजेची. दोन्हींच्या तोंडाला काटकोनी खाच असते, म्हणून त्या उलट्या बसत नाहीत. बसत नसतील तर जोर करू नका. नवी ड्राइव्ह अडीच इंची असते आणि डेस्कटॉपमधली जागा साडेतीन इंची. त्यासाठी स्वस्तातली धातूची चौकट मिळते. घेण्यापूर्वी मात्र यंत्रात साटा जोडणी आहे हे पाहून घ्या. पट्टीसारख्या दिसणाऱ्या नव्या तऱ्हेच्या ड्राइव्ह जुन्या यंत्रात बहुधा बसत नाहीत. जुन्या बोर्डावर साटाची गती निम्मी असली तरी घाबरू नका. खरा लाभ तुकडा शोधण्याच्या वेळेत आहे, आणि तो तेथेही मिळतो.

तिसरे, आणि हे आमच्या जखमेवरचे आहे : प्रणाली नव्याने घालणार असाल तर जुन्या डिस्कच्या दोन्ही केबली काढून ठेवा. जी जोडलेलीच नाही ती पुसली जाणार नाही. नवी ड्राइव्ह चालू झाली, दोन दिवस काम करून पाहिले, की मग जुनी जोडा आणि मजकूर उतरवून घ्या. नव्याने घालणे नको असेल तर सबंध डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या ड्राइव्हवर करणारे प्रोग्रॅम आहेत. क्लोनझिला नावाचा एक फुकट मिळतो. मात्र तेथे दोन्ही डिस्का जोडाव्याच लागतात. म्हणून कोठून आणि कोठे, हे आकारमान पाहून दोघांनी मोठ्याने वाचावे आणि मगच बटण दाबावे. शेवटी बायॉसमध्ये जाऊन यंत्राने प्रथम नव्या ड्राइव्हवरून सुरू व्हावे असे सांगावे, आणि साटाची पद्धत ए. एच. सी. आय. असल्याची खात्री करावी. नव्याने प्रणाली घालणार असाल तर ही पद्धत तिच्या आधीच पाहून घ्या.

पुढल्या रविवारी त्या मुलाच्या देखत आम्ही सारे पुन्हा केले. सोमवारी सकाळी बटण दाबले, आणि झाडू हाती घेईपर्यंत पडदा तयार होता.

आता काही शंका. एस. एस. डी. झिजते असे म्हणतात, ते खरे काय? खरे आहे. प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. पण हिशेब करा. ड्राइव्हवर दीडशे टेराबाइट लिहिण्याची हमी असेल आणि आपण रोज वीस गिगाबाइट लिहिले, तर साडेसात हजार दिवस होतात. म्हणजे वीस वर्षे. कार्यालयात रोज वीस गिगाबाइट कोण लिहितो? मात्र जुन्या डिस्कला लागू असलेली डीफ्रॅगची सवय येथे सोडावी. तुकडे जवळ आणून येथे काही मिळत नाही. उगाच झीज होते.

अधिक खरी भीती दुसरी आहे. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुरते, टकटक करते. एस. एस. डी. काही न बोलता जाऊ शकते. तिच्यावरून पुसलेले परत मिळणेही कठीण, कारण मोकळे झालेले कप्पे ती स्वतःच साफ करून ठेवते. आणि वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवली तर कोंडलेला भार हळूहळू ओसरतो. म्हणून वेगासाठी एस. एस. डी. घ्या, पण एकटीच्या भरवशावर राहू नका. आमच्याकडे आता मजकूर तीन जागी असतो : यंत्रात, बाहेरच्या डिस्कवर, आणि एक डिस्क कार्यालयाबाहेर. मामांचे दप्तर चौथे.

काढलेल्या जुन्या डिस्कचे काय करावे? भंगारवाल्याला तशीच देऊ नका. नुसते पुसल्याने मजकूर जात नाही. आणि त्या डिस्कवर हजारो बायांचे आधार क्रमांक आणि बँकेची खाती असतात. ती आमच्याकडे सोपविलेली ठेव आहे. तपासून ठीक असेल तर डिस्कला हलके काम द्या. आमची जुनी डिस्क आता आठवड्यातून एकदा नक्कल घेण्यापुरती चालते. निकामी असेल तर भोके पाडा आणि मग ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्या. १ एप्रिल २०२३ पासून त्याचे नवे नियम लागू झाले आहेत. नियम असले तरी दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत संगणकांचे तुकडे हातांनी फोडून पोट भरणारी माणसे आहेत. जे यंत्र आपण पाच वर्षे अधिक चालविले ते तितकी वर्षे त्यांच्या फुफ्फुसांत गेले नाही, हाही हिशेबात धरावा.

आणखी एक सांगून ठेवतो. ही ड्राइव्ह सर्व रोगांवरचे औषध नव्हे. निधी कार्यालयाचे संकेतस्थळच उघडत नसेल तर तुमच्या ड्राइव्हने ते उघडणार नाही. मेमरी दोनच गिगाबाइट असेल तर तीही वाढवावी लागेल. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची साथही संपली, आणि विंडोज ११ आमच्या जुन्या प्रोसेसरला स्वीकारत नाही. यंत्र धडधाकट, आणि तरी वरून हुकूम आला की, याला आता थारा नाही! आम्ही त्यावर लिनक्स घातली आहे. ती फुकट आहे आणि मराठी चांगले लिहिते. काही दिवस अडखळलो. आता बायांचे अर्ज पूर्वीसारखेच निघतात.

कोणी विचारील, कामगार पुढाऱ्याने संगणकाची एवढी कड का घ्यावी? १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत दोनांऐवजी तीन माग सांभाळा म्हणताच संप झाला. १९६० नंतरच्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाचा संगणक येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी इलाको हाउसवर पहारे दिले. पुढे १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणाचा करार केला. यंत्र कोणत्या अटीवर यावे आणि त्यामुळे वाचलेला वेळ कोणाला मिळावा, यावरच ही भांडणे झाली. आमच्या कार्यालयात वाचलेला वेळ बाकावरच्या बायांना मिळाला. म्हणून त्याची कड घेतो.

मात्र एक उपमा आम्ही मुद्दाम अर्धीच सोडली आहे. यंत्राचा मंद भाग काढून नवा घालता येतो. तो त्याचा गुण आहे. माणूस हा कोणत्याही कारखान्याचा सुटा भाग नव्हे. त्याचा वेग कमी झाला तर त्याच्यावरचे ओझे पाहावे, त्याचे वय पाहावे, त्याने आजवर काय केले ते पाहावे. यंत्राला आम्ही चौकशीचा हक्क दिला तो एवढ्यासाठी की, चौकशी करण्याची सवय आमच्याच हाताला राहावी.

उद्या घरी जाल तेव्हा त्या जुन्या संगणकाचे बटण दाबा, आणि हजेरीपटावर खरोखर कोण राबते आहे ते एकदा पाहा. त्याआधी नक्कल काढा. आणि नक्कल काढली असे जो सांगेल त्याला, आमचे नाव घेऊन, डेस्कटॉपवरचे कागद घेतलेस काय, असे विचारा.

ती वयस्कर बाई परवा आली होती. काम पाच मिनिटांत झाले. उठताना संगणकाकडे पाहून म्हणाली, "अण्णा, आज काही खाल्लं नाही ह्यानं."